बारडोलीला गेलेला चाकू

माझा उजवा हात पहिल्यांदा वाजला तो टेम्पोच्या फळीवर.

पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड धुऊन रंगवणाऱ्या मिलमध्ये, मी ग्रे खात्यात होतो. लूमवरून उतरलेलं कोरं, न रंगवलेलं कापड, त्याला आमच्याकडे ग्रे म्हणतात. टेम्पो भरून ताक्यांची, म्हणजे कापडाच्या ताग्यांची, गाठोडी यायची. मी खिशातला घडीचा चाकू उघडायचो, सुतळ्या कापायचो, डाग आणि तुटके धागे बघायचो आणि ताके आत धुलाईला पाठवायचो. त्या दिवशी टेम्पोवाला मागचा अडसर काढत होता आणि मी उघडा चाकू हातात धरून त्याची वाट बघत उभा होतो. चाकूचं टोक लोखंडी फळीला टेकलं होतं. टिकटिक, टिकटिक असा आवाज यायला लागला.

टेम्पोवाला म्हणाला, "काका, बहु उतावळ छे?"

मी हसलो. मला सगळेच उतावळा समजत आणि ते खोटं नव्हतं. बसला उशीर झाला की मी पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जायचो आणि बस मागून निघून जायची. कुणाच्या घरी बसायला गेलो की चहा येण्याआधी चपला शोधायचो. त्यामुळे हे वाजणंही माझ्या स्वभावातलंच आहे असं मी धरून चाललो. फार काळ धरून चाललो.

बायकोच्या लक्षात आधी आलं. एकदा बाजारातून परतताना ती माझ्या मागे चार पावलं होती. घरी आल्यावर म्हणाली, "चालताना तुमचा एकच हात हलतो. दुसरा लटकून असतो, पिशवी धरल्यासारखा. पिशवी तर माझ्याकडे होती."

डॉक्टरांनी मला बोटं उघडमीट करायला लावली, भिंतीपर्यंत चालायला लावलं, आणि सांगितलं, कंपवात आहे. गोळ्या घ्यायच्या, व्यायाम करायचा, आणि हे राहणार आहे. मग ते म्हणाले, "हात कामात असला की थरथर कमी असेल. मोकळा ठेवलात की वाढेल." आयुष्यभर मला एका जागी बसता येत नव्हतं आणि आता डॉक्टरांनी त्यावर शिक्का मारला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला खरोखर हसू आलं. बायकोला नाही आलं.

शेठ माणूस चांगला होता. त्याने मला ऑफिसात खुर्ची दिली. आलेल्या मालाच्या चिठ्ठ्या बघायच्या, सही करायची. पंख्याखाली खुर्चीत बसलो की हात मांडीवर नाचायला लागायचा. बघणारा नजर वळवायचा, आणि त्याचं ते वळवणं मला दिसायचं. मी हात मांडीखाली दाबून बसायला लागलो. मग सही करायला तो बाहेर काढावा लागे, आणि माझी सही आकसत आकसत मुंगीएवढी झाली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी परत गेलो नाही. शेठने दोनदा फोन केला. मी म्हटलं, "आराम करतो आता थोडा."

आराम हा शब्द मी वापरला खरा.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बायकोचं काम पसरलेलं असतं. ती साड्यांवर खडे चिकटवते. साडी लाकडी चौकटीवर ताणायची, डिंकाचे ठिपके द्यायचे आणि एकेक खडा बसवायचा. मी मिलमध्ये असताना हे काम मला फक्त संध्याकाळी दिसायचं, गुंडाळून ठेवलेलं. आता दिवसभर दिसायला लागलं, कारण मी दिवसभर त्याच्याभोवती फिरत होतो. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून मोरीपर्यंत. एकदा पायाने खड्यांची वाटी उडवली. सगळी खोली चमचम करायला लागली आणि आम्ही दोघं गुडघ्यावर बसून खडे वेचत राहिलो.

"आते बठा ना एक जागावर!" ती ओरडली.

आम्ही घरात अहिराणीच बोलतो. इथे मी तिचं बोलणं बहुतेक सरळ मराठीत लिहितो आहे, पण रागावलेली ती मला अहिराणीतच ऐकू येते.

मी मग बाहेर पडायचो. भेस्तानच्या दिशेला चालत जायचो, टपरीवर उभ्याउभ्या चहा घ्यायचो, परत यायचो. परत आलो की ती मान वर न करता विचारायची, "आलात?" आणि मला वाटायचं, हे विचारण्यासाठीच मी गेलो होतो.

खिशात चाकू तसाच होता. तो मी फार वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून घेतला होता. लाकडी मूठ, पितळी कडा, बोटभर लांबीचं पातं, उघडलं की खट्कन अडकणारं. मिलमध्ये तो मी खात्यातल्याच एका दगडावर घासायचो, न बघता, गप्पा मारता मारता. एका दुपारी घरी तेच करायला बसलो. मोरीच्या उंबऱ्याशी दगड ठेवला, पाणी मारलं. दगडावर पातं ठराविक तिरकं धरावं लागतं, आणि प्रत्येक फेरीला तेवढंच तिरकं. हीच गोष्ट माझा हात विसरला होता. पातं कधी आडवं पडे, कधी उभं राही. धार लागण्याऐवजी होती तीही गेली, आणि शेवटी चाकू दगडावरून घसरून माझ्या डाव्या अंगठ्यात गेला.

मुलगी त्याच वेळी घरी आली. ती एका साडीवाल्याकडे ऑनलाइन ऑर्डरी बघते. तिने अंगठा बांधला, दगड उचलून गॅलरीत ठेवला आणि फोनमध्ये काहीतरी शोधायला लागली.

काही दिवसांनी एक खोकं आलं. आत लोखंडी पाटासारखी एक बैठक, तिच्यावर पातं धरायचा चिमटा, एक उभा खांब, आणि खांबावरच्या गोळ्यातून आरपार जाणारी सळई. सळईवर दगडाच्या अरुंद पट्ट्या बसवायच्या, एक खरखरीत, मग बारीक, मग आणखी बारीक. शेवटी एक चामड्याची पट्टी आणि पॉलिशची हिरवी वडी.

"हे काय?"

"धार लावायचा सेट. तुम्ही फक्त हात पुढे-मागे करायचा. तिरकेपणा तो सांभाळतो."

"म्हणजे लंगड्याची कुबडी."

"पप्पा," ती म्हणाली, "तुमच्या मिलमध्ये कापड सरळ जावं म्हणून मशीनला गाईड लावलेले असतात. कापड लंगडं असतं का?"

खोकं आठवडाभर पलंगाखाली पडून होतं. मग एका दुपारी खिडकीपासून दारापर्यंत फिरून फिरून मलाच माझा कंटाळा आला आणि मी ते ओढून काढलं.

चिमट्याचे स्क्रू इतके बारीक होते की ते बसवण्यातच माझी दुपार गेली. पातं घट्ट धरलं गेलं नाही, ते हललं, आणि पहिल्याच घासण्यात पात्याच्या अंगावर लांबलचक ओरखडे उठले. मी सगळं उचलून फेकणार होतो. पण मुलीच्या फोनमधल्या व्हिडिओत एक परदेशी माणूस पात्याच्या कडेला काळा मार्कर फासत होता. तो काय बोलतो ते मला कळत नव्हतं, पण मार्कर कळला. ग्रे खात्यात आम्ही ताक्यांवर त्यानेच आकडे टाकायचो. मी कडेला शाई फासली आणि दगड एकदाच फिरवला. शाई वरच्या बाजूने गेली, धारेपाशी तशीच राहिली. म्हणजे दगड धारेला पोहोचतच नव्हता. खांबावरचा गोळा थोडा वर सरकवला. पुन्हा शाई, पुन्हा एक फेरी. आता शाई धारेपर्यंत पुसली गेली, सगळीकडे सारखी.

मग मी घासत गेलो. हात थरथरत होता, पण सळई गोळ्यातून सरळच जात होती. दगड खाली-वर होत नव्हता. थोड्या वेळाने थरथरही मंदावली. एका बाजूने पुरेसं घासलं की धारेच्या पलीकडे डोळ्याला न दिसणारी खरखर बोटाला लागते, कापडाला धागा सुटल्यासारखी. ती टोकापासून बुडापर्यंत लागली की बाजू पालटायची. मग बारीक दगड, मग त्याहून बारीक. शेवटी चामड्याच्या पट्टीवर हिरवी वडी फिरवून पॉलिश. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा धारेच्या त्या अरुंद पट्टीत ट्यूबलाइट दिसत होती. मी वर्तमानपत्राचा कागद धरला आणि चाकू त्यावर नुसता टेकवला. कागद आवाज न करता दोन झाला.

बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान." आणि चाकूकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

त्यानंतर मला चटकच लागली. जेवण झालं की सेट मांडायचा. धार होतीच, तरी मी ती खरखरीत दगडाने मोडायचो आणि पहिल्यापासून सुरू करायचो. कधी तिरकेपणा कमी, कधी जास्त. पॉलिश आणखी चढवायचं. पात्याच्या अंगावरचे ओरखडे काढायला बारीक पॉलिशपेपर आणला, ते काढताना नवे पाडले, मग तेही काढले. पातं हळूहळू अरुंद होत होतं. घासत असेपर्यंत हात माझा असायचा. थांबलो की पुन्हा तो त्याचा. म्हणून मी थांबत नव्हतो. आणि धार लावून झाल्यावर त्या चाकूने कापायला घरात काहीच नव्हतं. मी कागद कापायचो. घरभर वर्तमानपत्राच्या चिंध्या.

मग एका सोमवारी चाकू दिसेना.

सेट जागेवर होता, दगड जागेवर, मार्कर जागेवर. चिमटा रिकामा. मी खिसे बघितले, उशीखाली बघितलं, कपाट उपसलं.

"ठेवला असेल कुठेतरी," बायको म्हणाली. ती ठिपके देत होती.

"मी कुठेतरी ठेवत नाही. मी इथेच ठेवतो."

"मग सापडेल."

मी तिच्या साड्यांचे गठ्ठे हलवायला लागलो तेव्हा तिने हात मध्ये घातला. "त्याला हात लावू नका, उद्या द्यायचंय सगळं." मी गॅलरीत गेलो, गच्चीवर गेलो, खाली जाऊन आमच्या जिन्याखालचा कचऱ्याचा डबा उपसला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं काय हरवलं, तर चाकू म्हणताना मला स्वतःचीच लाज वाटली. आजारी माणूस चाकूसाठी कचरा उपसतोय. वर आलो ते रागाने.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि तिथे उभ्याउभ्या मला दुसरंच काही दिसलं. भांड्यांच्या रॅकवर भाजीची सुरी नव्हती. ओट्याखाली विळी नव्हती. मी शोधायला लागलो. सुरी तांदळाच्या डब्यात सापडली, तळाशी. विळी जुन्या लुगड्यात गुंडाळून, पिठाच्या पिंपामागे. आणि मग मला आठवलं की कित्येक दिवसांत मी तिला भाजी चिरताना पाहिलेलंच नव्हतं. भाजी मी उठायच्या आत चिरून झाकून ठेवलेली असायची.

विळी हातात घेऊन मी बाहेर आलो नाही, हे मला आज चांगलं आठवतं. ती तशीच ठेवली आणि बाहेर येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"हे काय चालवलंयस?"

तिने चिमटीतला खडा खाली ठेवला.

"तुम्ही म्हणालात तेव्हापासून."

"काय म्हणालो?"

"शर्टाची बटणं लागेनात त्या सकाळी. मी लावून दिली. तेव्हा तुम्ही म्हणालात, असं जगण्यापेक्षा सुटलेलं बरं."

मला आठवत नव्हतं. अगदी प्रामाणिकपणे, मला बटणं आठवत होती, तिच्या बोटांना लागलेला डिंक आठवत होता, ते वाक्य आठवत नव्हतं.

"माणूस बोलतो असं काहीतरी."

"तुम्ही बोलून मोकळे झालात. मी ऐकून बसले." तिचा आवाज चढला. "आणि मग ते यंत्र आलं. पोरीला मी काही सांगितलं नव्हतं, तिला काय माहीत. तिने हौसेने आणलं. रोज दुपारी माझ्यासमोर बसून तुम्ही त्या चाकूला धार लावता. रोज. कापायला काही नाही, तरी लावता. मी इथे खडे चिकटवते आणि माझे कान तिकडे. माले भेव वाटस." मला भीती वाटते, हे ती तीनदा बोलली, तिसऱ्यांदा अगदी हळू.

माझा हात माझ्या गुडघ्यावर थरथरत होता आणि या वेळी मी तो लपवला नाही. माझ्या डोक्यात एकच येत होतं की मी इतके दिवस या खोलीत माझ्या अस्वस्थपणासकट येरझाऱ्या घालत होतो आणि तिची अस्वस्थता तिथेच चौकटीसमोर मांडी घालून बसलेली होती. ती कुठे फिरायला जाऊ शकत नव्हती.

"चाकू कुठाय?" मी शेवटी विचारलं.

"बारडोलीला."

रविवारी ती बहिणीकडे जाऊन आली होती, आणि नेमका त्या दिवशी मी सेट मांडला नव्हता. जाताना माझा चाकू पिशवीत घालून नेला होता आणि बहिणीकडे ठेवून आली होती.

"मी आणायला जातो," मी म्हटलं.

"मी पण येते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साड्या पोचवून झाल्यावर उधन्याहून नंदुरबारकडे जाणारी पॅसेंजर पकडली. गर्दी नव्हती. मी खिडकीशी बसलो, मग उठून दाराशी उभा राहिलो, मग परत येऊन बसलो. ती समोरच्या बाकावर पदर घट्ट ओढून बसली होती. चलथाण गेलं, उसाची शेतं सुरू झाली. तेव्हा ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "खरं सांगा. मनमां उनं व्हतं का?"

मनात आलं होतं का. तिने हे इतक्या साध्या आवाजात विचारलं, जसं कुणी विचारावं की तिकीट नीट ठेवलंय ना. माझ्या ओठांवर ‘नाही’ आलं होतं. छे, वेडी आहेस का, हे शब्द तयार होते. पण तिने इतके दिवस एकटीने सांभाळलेल्या भीतीला खोटं पाडणं मला जमेना.

"उनं व्हतं," मी म्हटलं. "एकदा. ऑफिसात, खुर्चीवर. पण राहिलं नाही. चाकूच्या वेळी नाही. चाकूच्या वेळी तर उलट बरं वाटतं."

तिने मान हलवली. पदराने डोळे पुसले, मग नाक, मग पिशवीतून शेंगदाणे काढून अर्धे मला दिले. मी खाल्ले. माझ्या हातून काही सांडले, तिने वेचून खाल्ले. मला वाटलं होतं की हे ऐकून ती खचेल. ती मोकळी झाल्यासारखी दिसत होती. पुढे कितीदा तरी मी विचार केला आहे की मी त्या दिवशी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं. तिने विश्वास ठेवला नसता, एवढंच मला पक्कं माहीत आहे.

मेहुणीचं घर गावाच्या टोकाला आहे. तिचा नवरा साखर कारखान्यात. कारखाना सुरू होता, रस्त्यावर उसाच्या गाड्या लागलेल्या होत्या आणि हवेत मळीचा आंबूस गोड वास होता. मेहुणीला काहीच ठाऊक नव्हतं. तिला बहिणीने फक्त "ठेव थोडे दिवस" एवढं सांगितलं होतं. थोडे दिवस म्हणजे वापरायला, असं तिने धरलं होतं.

"दाजी, काय धार हो त्याला!" तिने मला बोटाची पट्टी दाखवली. "पहिल्याच दिवशी. पण लई कामाचा आहे. जनावरांच्या पेंढ्या सोडल्या, ऊस सोलला, गोणी फाडली."

तिने चाकू आणून दिला. पात्यावर रस वाळून चिकट थर झाला होता, सांध्यात उसाचा भुसा अडकला होता. मी उघडला आणि बघतच राहिलो. टोक मोडलेलं होतं.

"तेलाचा डबा उघडत नव्हता," मेहुणी म्हणाली. "म्हणून जरा घालून उचकटलं. चालतो ना अजून?"

बायको माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असणार की मी आता भडकणार. पात्यात ट्यूबलाइट दिसावी म्हणून मी किती दुपारी घालवल्या ते तिनेच पाहिलं होतं. मलाही वाटलं होतं भडकेन. पण पोटातून जे वर आलं ते हसू होतं. महिनाभर मी ज्याला धार लावत होतो त्या चाकूने अखेर काम केलं होतं.

"चालतो," मी म्हटलं. "आता तर बरंच काम आहे त्याला."

परत आल्यावर त्याच आठवड्यात बायकोने मला डॉक्टरांकडे नेलं. बोलली तीच. बटणं, ते वाक्य, डब्यातली सुरी, सगळं. मी खाली मान घालून बसलो होतो. डॉक्टर रागावले नाहीत, घाबरलेही नाहीत. ते म्हणाले, हे दुखणं हाताला धरतं तसं मनालाही धरतं, हा त्याचाच भाग आहे आणि त्यालाही औषध आहे. त्यांनी एक गोळी वाढवली, आठवड्याला एकदा बोलायला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं, आणि बायकोला म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत." बाहेर आल्यावर मी थोडा चिडलो होतो, कारण माझं मनही आता माझं राहिलं नाही असं वाटलं. दोन-तीन महिन्यांनी ती चीड कमी झाली. सकाळी उठल्यावर छातीवर जे दगडासारखं असायचं ते हलकं झालं, तेव्हा कळलं की ते होतं.

मुलीलाही सांगितलं. ती बराच वेळ रडली आणि मग म्हणाली, सेट परत करू या का. तिच्या आईनेच नको म्हटलं.

मोडलेलं टोक नव्याने काढणं म्हणजे पात्याची पाठ उतरवत आणायची, जोवर ती धारेला मिळत नाही. ते आम्ही दोघांनी केलं. चिमट्याचे बारीक स्क्रू बायको पिळते. खडे चिकटवून तिची बोटं अशा कामाला सरावलेली आहेत. पातं हलतंय का ते तीच बघते, शाई तीच फासते, आणि माझ्या फेऱ्या चालू असताना समोर बसून तिचं काम करते. कधी कधी मध्येच म्हणते, "टोकाशी दाब कमी करा, तिकडे जास्त जातंय," आणि ते खरं असतं. टोक आलं, पण पहिल्यासारखं अणकुचीदार नाही, जरा बसकं. चाकू आता स्वयंपाकघरात असतो. ती त्याने लिंबं चिरते, दुधाच्या पिशव्या कापते, साड्यांच्या गठ्ठ्यांच्या दोऱ्या तोडते. बोथट झाला की मला देते. नाही झाला तर मी मागत नाही.

मी शांत झालो असं म्हणणार नाही. हात वाजतो, डावाही आता कधी कधी साथ देतो. रात्री कूस बदलायला वेळ लागतो. भेस्तानची टपरी अजून चालू आहे आणि मीही.

पण मागच्या पावसाळ्यातली एक दुपार सांगायला हवी. मुलगी कामावर होती. चाकू चिमट्यात लावलेला होता, मी पहिल्या बाजूवर होतो. बायको उठली, चपला घातल्या, पिशवी घेतली. म्हणाली, "भाजी घेऊन येते."

बारडोलीनंतर तिने मला चाकूसोबत एकट्याला सोडलेलं नव्हतं. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नव्हतो, पण ती भाजीला निघाली की चाकू आधी कपाटातल्या कुलपाच्या कप्प्यात जायचा. त्या दिवशी तिने कप्पा उघडला नाही. नुसती दाराशी थांबली.

"ये जाऊन," मी म्हटलं.

तिची पावलं जिन्यावरून खाली गेली. मधल्या वळणावर थांबली. मी दगड हातात धरून ऐकत होतो. वर येईल असं वाटलं. मग पावलं पुन्हा खाली जायला लागली आणि रस्त्याच्या आवाजात मिसळली.

मी काम सुरू केलं. दुसऱ्या बाजूची खरखर बोटाला लागायला लागली होती तेवढ्यात दार उघडलं. ती धापा टाकत उभी होती. बाजार काही इतक्यात जाऊन येण्याएवढा जवळ नाही. पिशवीत दोन कांदे आणि एक दुधी होता.

"झाली भाजी?" मी विचारलं.

"झाली." ती पिशवीत बघायला लागली. "कोथिंबीर राहिली. मिरच्या पण राहिल्या. बटाटे..." आणि ती हसायला लागली. दाराला टेकून, पोट धरून हसायला लागली, आणि मलाही हसू आवरेना.

"बस तू," मी म्हटलं. "मी आणतो. तोवर ही बाजू संपव."

तिने माझ्या जागेवर मांडी घातली आणि सळई हातात घेतली. मी छत्री काढली आणि खाली उतरलो.